पुंडलिकरावांचे डोळे

'डोळे बरोबर नाही आले' म्हणून पुंडलिकरावांनी तिसऱ्यांदा फोटो परत केला, तेव्हा सौंसरच्या फोटोग्राफर मयूरचं डोकंच फिरलं. त्यानं मोठ्या कॅमेऱ्याला नवी लेन्स घेतली, पुंडलिकरावांचं गाव रामाकोना गाठलं आणि भर दुपारी म्हाताऱ्याला त्याच्याच संत्र्याच्या बागेत बसवलं.

फोकस तपासायला त्यानं स्क्रीनवर डोळा मोठा केला. बुबुळात तो स्वतः दिसत होता आणि त्याच्या मागे कोणीतरी उभं होतं.

त्यानं वळून पाहिलं. मागे नुसती झाडं होती.

पुढच्या फोटोत ते जे कोण होतं, ते त्याच्या खांद्याला टेकलं होतं.

"काका, माह्या मांगं कोन उभं हाय?" तो खेकसला.

"कोनी नाही तिथं!" पुंडलिकराव त्याच्याहून जोरात ओरडले. "तू फोटो काढ. तिच्याकडे पाहू नको."