जिते मासे
अंबडकडच्या एका जहागीरदाराच्या हवेलीत हैद्राबादहून आणलेले लाल मासे काचेच्या हौदात होते आणि ते सांभाळायचं काम धनगराच्या आसराबाईकडे होतं. विहिरीचं पाणी ती दिवसभर घागरीत ठेवायची आणि मगच हौदातलं थोडंसं बदलायची. दोन वर्षांत एकही मासा मेला नव्हता. वैशाखातल्या एका दुपारी पाहुणे यायचे होते. कारभारी म्हणाला, "पाणी हिरवट दिसून राह्यलं. सगळं उपसून ताजं भर, जल्दी." आसराबाई हौदासमोर उभी राहिली. "न्हाई भरणार. विहिरीचं गार पाणी एकदम पडलं तर मरतेत ते." "मालकाचा हुकूम हाय." "मंग मालकालाच सांगा, मासे हुकूम ऐकत न्हाईत." त्यानं तिला बाजूला सारलं आणि गड्यांकडून हौद भरून घेतला. पाहुणे आले तेव्हा सात मासे उलटे तरंगत होते, उरलेले वर येऊन तोंडं उघडत होते. जहागीरदार ओशाळून ओरडले, "फेका सगळे!" आसराबाईनं आपली घागर पुढं आणली आणि धडपडणारे चार मासे ओंजळीनं उचलून तीत सोडले. कारभारी धावला. "हवेलीच्या मालाला हात लावती व्हय?" "मेलेले हवेलीचे," ती म्हणाली, "जिते माझे." घागर कमरेवर घेऊन ती पाहुण्यांमधून, पुढच्या दरवाजानं बाहेर पडली. कुणीच आडवं आलं नाही. पुढं निजामाविरुद्ध पोलिस ॲक्शन झाली, जहागीरदार गाव सोडून गेले, तेव्हाही आसराबाईच्या अंगणातल्या रांजणात चारही मासे पोहत होते.