काडेपेटीतलं सोनपाखरू

विमानतळावर सामान तपासणाऱ्या वत्सला गुजरने म्हाताऱ्याची काडेपेटी उघडली आणि तिचा हात थबकला. आत बाभळीचा कोवळा पाला, त्यावर हिरवंगार झळाळतं सोनपाखरू! शाळेत तिच्याही दप्तरात असंच एक असायचं. अंडी घातली का, म्हणून ती दर तासाला पेटी उघडून बघायची.

आता किडे नामशेष होत आले होते. एखादा चोरून नेताना कुणी सापडलं, तर सात वर्षं कैद.

तिने पाखरावर तपासणीयंत्र धरलं. मग उगाचच आणखी दोनदा धरलं.

"आजोबा, हे कारखान्यात बनवलेलं आहे, परागकण वाहायला. गुन्हा नाही. जा तुम्ही."

म्हातारा जागचा हलेना.

"नीट बघा की, ताई. हवं तर कैदेत टाका, पण खरं आहे म्हणा."