डोक्यावरची खूण

जुना दोस्त खुर्चीत बसताच सलूनवाल्याने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि सवयीने मशीन उचललं. चाळीस वर्षं एकच फर्मान असायचं: "बारीक काप, खूण दिसली पाहिजे." कारखान्याच्या संपात डोक्यात बसलेल्या पोलिसी दंडुक्याची खूण तो पदकासारखी मिरवायचा. आज टीव्हीवर संपकऱ्यांवर तसेच दंडुके पडत होते. "बरं झालं," दोस्त म्हणाला. "यांना हीच भाषा कळते." "आणि आपण रे?" सलूनवाल्याने विचारलं. "आपण वेडे होतो. आज मशीन नको. केस राहू दे, खूण झाकली जाईल. नातवंडं विचारतात." सलूनवाल्याने कात्री घेतली, केस खुणेवर ओढून बसवले. "झकास," दोस्त आरशात बघत म्हणाला. "जसं काही झालंच नव्हतं." चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या संपात पुढचा दंडुका दोस्ताच्या डोक्यावर पडू नये म्हणून आडवा धरलेला हात सलूनवाल्याने खिशात घातला. तेव्हा मोडलेली करंगळी वळेना. ती बाहेरच राहिली.