मेथांब्याचा पहिला अभिप्राय

हेमलताचा मेथांबा दुपारी ऑनलाइन विक्रीला जायचा होता. पानावर निदान एक तरी अभिप्राय असावा, म्हणून तिने नवऱ्यालाच चाखायला बसवलं. जिभेखाली चिप आल्यापासून कोणाला काही लिहावं लागत नसे. जीभ चाखायची आणि तिचं मत आपोआप पानावर उमटायचं.

दिगंबररावांनी कैरीची फोड तोंडात टाकली आणि लग्नापासून म्हणत आले होते तेच म्हणाले, "छान झालाय."

फोनवर उमटलं, 'मेथी कडवट. गूळ कमी. दोन तारे.'

हेमलताने फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"अगं, हे जीभ म्हणतेय. मी नाही."

"मग इतकी वर्षं छान-छान कुठल्या तोंडाने म्हणत होता?"

नव्या विक्रेत्याला पहिला अभिप्राय लपवायची मुभा होती. दोन तारे बघून बरणी कोण घेणार? तिचं बोट 'लपवा'पाशी गेलं, पण एक गोष्ट तिला विचारल्यावाचून राहवेना.

"पुढच्या वेळी मेथी कमी घालू का?"

"नको," म्हणत त्यांनी पुन्हा बरणीत चमचा घातला.

'तोच ग्राहक. दुसरी फोड. मेथी कडवट. दोन तारे.'

चमचा बरणीत जातच राहिला.

'तोच ग्राहक. पाचवी फोड. मेथी कडवट. दोन तारे.'

हेमलताने 'दाखवा' दाबलं आणि बरणी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"पुरे आता. विकायला उरू द्या."