पन्नाशीला मोकळं

छापखान्यातल्या मशीनवर तीस वर्षं उभा राहिलेला तो पन्नाशीला नोकरी सोडणार होता. त्यासाठी नवराबायकोने पोटाला चिमटा काढून पैसे साठवले होते. बाहेरचा चहासुद्धा त्याला उधळपट्टी वाटे. राजीनामा दिला त्याच आठवड्यात बायको चक्कर येऊन पडली. तपासण्यांचे रिपोर्ट वाचून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "छातीतली गाठ तुमच्या हाताला कधीच लागली नाही?" "लागली होती की. दोन वर्षं झाली," बायको ओशाळून म्हणाली. "पण यांची निवृत्ती तोंडावर आली होती. म्हटलं, हे मोकळे झाले की दाखवू." पिशवी घट्ट धरत तिने विचारलं, "औषधपाण्याला फार खर्च येईल का हो?" "आता फारसा नाही येणार," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. त्याला अर्थ कळला. बायकोचा मात्र जीव भांड्यात पडला; ती त्याच्याकडे बघून हसली.