तीन बाजूंची शिवण

पहिलं भोक

"हितं!" महादेवी तंबूच्या आतून ओरडली.

भर उन्हात तंबू ताणायचा, तोंड बांधून घ्यायचं, एकानं आत अंधारात बसायचं. जिथून ऊन टोचेल तिथं आतून बोट दाबायचं. तंबू दुरुस्त करणाऱ्या या नवराबायकोची भोकं शोधायची ही वीस वर्षांची रीत. संगप्पानं बाहेरून बोटावर फुली मारली. इतक्या जोरात, की खडू मोडला.

तंबू सरकारी. जीपमागच्या गाडीवर घडी होऊन गावोगाव फिरायचा. उलगडला, की आत नसबंदीचं शिबिर. मागच्या महिन्यात मंगळवेढ्याला एस.टी.तून उतरवून ज्यांना यात घातलं, त्यांत संगप्पाचा धाकटा भाऊ मल्लिकार्जुन होता. बावीस वर्षांचा. लग्न ठरलेलं. मोडलं.

दुसरं, तिसरं, सातवं

ही भोकं सिगारेटची. यांना ठिगळ नको. जवसाच्या तेलात मेण वितळवायचं, दोन्ही अंगांनी चोळायचं.

शिबिराचा कारकून डोक्यावरच उभा होता. "आटप की रे, संगप्पा. उद्या टेंभुर्णी हाय. पाण्याचा थेंब आत येता कामा नये, असं साहेबांनी सांगितलंय."

"आनि मानसं?"

"माणसं काय, येतात. तुझा भाऊ नाही का आला?" कारकून हसला.

संगप्पाच्या हातात उकळत्या मेणाचं भांडं होतं. त्यानं कारकुनाच्या मानेकडे पाहिलं. मग भांडं खाली ठेवलं. कारकून समोरच्या हॉटेलात चहाला गेला.

अकरावं

"अवो," महादेवी आतून हळू म्हणाली. "हे भोक न्हाय."

मागच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, उभी चीर. धागे बाहेरच्या अंगाला आलेले. आतून कापलेली, ब्लेडनं. वीतभरच. कापणाऱ्याला वेळ पुरला नव्हता.

चिरेतून महादेवीचा हात बाहेर आला. बांगड्यांसकट, खांद्यापर्यंत. पुढं येईना.

"एवढ्यातनं मल्लू निघाला नसता," ती म्हणाली.

संगप्पानं कात्री उचलली.

याला नंबर नाही

चीर आता छातीपर्यंत. तिच्यावर तिच्याहून मोठं ठिगळ. वरून शिवण, डावीकडून शिवण, उजवीकडून शिवण. तो बाहेरून दाभण खुपसायचा, ती आतून परत द्यायची. दोरा सुतीच, ओला झाला की फुगून टाक्याचं भोक स्वतःच बुजवणारा.

खालच्या कडेला महादेवीनं आत हात धरला. दाभण आला नाही.

संगप्पानं गाठ मारून दोरा तोडला. खालच्या कडेवर नुसतं मेण फासलं आणि तळहातानं दाबून बसवलं. त्याच्या हातून असं ठिगळ कधी गेलं नव्हतं.

"कळलं," आतून महादेवी म्हणाली. "आतनं रेटलं, की सुटंल."

पाणी

चहाहून परतलेल्या कारकुनानं स्वतः चार बादल्या ओतल्या. "गळतंय का, बाई?"

"थेंब न्हाय."

तो तंबूभोवती फिरून मागं आला. मोठ्या ठिगळावरून पाणी सरळ खाली ओघळत होतं. त्यानं त्यावर खूश होऊन थाप मारली. "ह्याला म्हणायचं काम! आता कायबी आत येत नाही."

"आत काय बी येनार न्हाय, साहेब," संगप्पा म्हणाला, आणि घडी घालायला वाकला.