काचेवरचं कुंकू

पद्मावतीचा नवरा समुद्रात बुडाला त्याच महिन्यात तिच्या मुलाचं, रविराजचं, नेटवर्क इंजिनिअरचं सर्टिफिकेट आलं. घर चालवायला पोरगा बापाच्याच होडीवर गेला. नोकरी मिळाली की समुद्र सोडायचा, हे तिनं ठरवलेलं. स्वतःच्या कपाळाचं पुसल्यावर करंड्यातलं कुंकू ती तीन वर्षं रोज सर्टिफिकेटच्या फ्रेमला एकाच कोपऱ्यात लावत आली. कुडाळला रविराजच्या मुलाखतीला त्याच्यासोबत जाताना तिनं ती फ्रेमच काखोटीला मारून नेली. साहेबांनी काचेवरचं कुंकू बोटानं पुसलं. खाली तारीख होती. "मुदत महिन्यापूर्वीच संपली, बाई. पुन्हा परीक्षा द्यावी लागेल." कल्ले उघडून शिळी मासळी ओळखणाऱ्या पद्मावतीनं एसटीत बसल्यावर रविराजला विचारलं, "कागद पण शिळो जाता रे?" "माका म्हायत होता गो आये. तू रोज थंयच, त्या तारखेवरच कुंकू लावतंस, कसा सांगू?" तिनं फ्रेम मांडीवर पालथी घातली. "उद्या होडी कितक्या वाजता सुटतली?"